करमायला लागेपर्यंत

दिवाळीला घरी आलेलं मूल पहिला दिवस झोपून काढतं, दुसऱ्या दिवशी आईच्या मागेमागे फिरतं आणि भाऊबीज झाली की गप्प होतं. पुण्यात मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. ऑगस्टपासून माझ्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “मॅडम, इथं करमत नाही.” दिवाळीनंतर ते पुन्हा नव्यानं सुरू होतं.

दुखणं जुनं आहे. 1688 साली बाझेलमध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घराच्या ओढीनं खंगणाऱ्या माणसांवर प्रबंध लिहिला. त्यातला एक रुग्ण बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण होता. त्याला घराकडे न्यायला निघाले, तसा तो वाटेतच सुधारू लागला. होफरचा उपाय हाच, घरी पाठवा. आजचा घाबरलेला बापही फोनवर म्हणतो, “ये निघून.” मी मात्र हा सल्ला सहसा देत नाही.

गेल्या वर्षीच्या एका मुलीची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). खानदेशातली, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. प्रवेश शेवटच्या फेरीत झाला, ती आली तोवर वर्गात ग्रुप पडून गेलेले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा. घरी अहिराणी, इथं तोंड उघडायची चोरी. मेसची भाजी गोडसर, म्हणून घरून आणलेली कळण्याची भाकरी वाळली तरी पुरवून खायची. दर शुक्रवारी रात्री गाडी पकडायची आणि सोमवारी सकाळी बॅगेसकट लेक्चरला हजर व्हायची. अशा मुलीचं इथं काय रुजणार?

रडू कधी येतं, ते आठवडाभर वहीत लिही, असं मी तिला सांगितलं. प्रॅक्टिकलला एकदाही नाही. मेसवरून परतल्यावर, आणि रात्री दहाला आईचा व्हिडिओ कॉल आला की हमखास. आई प्रेमानं अंगण दाखवायची, आजीला कॅमेऱ्यासमोर बसवायची. मग दोघी रडायच्या आणि दोघींचीही झोप जायची. घराची ओढ रिकाम्या वेळात डोकं वर काढते, आणि आपण नेमक्या त्याच वेळी तिला खतपाणी घालतो. आम्ही फोन बंद केला नाही, संध्याकाळी मेसला चालत जाताना करायचं ठरवलं. “रडू नकोस”ऐवजी आईनं विचारायचं, “आज काय केलंस?” घरी जाणं महिन्यातून एकदा. पहिले दोन रविवार फार जड गेले. जानेवारीत फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या, तेव्हा तिनं नेपथ्याचं काम अंगावर घेतलं. ती गेली नाही तर फळ्या रंगवायच्या राहत. तिथून पुढे तिचा शुक्रवार बदलला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, राबत. मुलाच्या हाती काम देण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. आजची वसतिगृहं मुलाला कॉट देतात, कपाट देतात, वायफाय देतात. त्याच्यावाचून अडेल असं एकही काम देत नाहीत.

तरी प्रत्येक “करमत नाही”च्या मागे घरच असतं असं नाही. कधी रॅगिंग असतं, कधी जातीवरून मारलेले टोमणे, कधी संपलेले पैसे. हे शांतपणे, थेट विचारा. आणि घरी येऊनही मूल खुलत नसेल, दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, आवडत्या गोष्टीत मन नसेल, तर ही नुसती ओढ नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं ते बोललं, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक 24 तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांसाठी या सुट्टीत एवढं करा. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मूल तिकडे पोहोचेल अशा बेतानं निघू द्या. रात्रभर प्रवास करून थेट वर्गात नको. रूम पार्टनरच्या वाट्याचा फराळ वेगळा बांधा. आणि पुढची फेरी कधी, ते निघण्याआधीच कॅलेंडरवर लिहा. मधल्या एखाद्या रात्री “येऊ का?” असा फोन आला, तर आधी विचारा, “उद्या तिथं तुझं काय काय आहे?”