हजार हातांचा राजा आणि सोपाऱ्याची माती

नालासोपारा म्हटलं, की डोळ्यांपुढे काय येतं? संध्याकाळची विरार लोकल, दारात लोंबकळणारी माणसं, स्टेशनबाहेर रिक्षांची रांग आणि नजर जाईल तिथवर इमारती. तिथे कुणाकडे बारशाला नाहीतर मुंजीला आपण जातो, पण गाव पाहायला म्हणून सहसा कुणी जात नाही. खरं तर एक रविवार राखून, मुलांना बरोबर घेऊन पाहावं असंच हे गाव आहे. नाळे आणि सोपारा अशी ही दोन गावं. स्टेशनच्या नावात ती एकत्र आली. त्यातलं सोपारा म्हणजे महाभारतातलं शूर्पारक. वनपर्वात पांडव तीर्थयात्रा करत करत इथे येऊन गेल्याचं सांगितलं आहे.

या गावाची जन्मकथा एका जुलमी राजापासून सुरू होते. त्याचं नाव कार्तवीर्य अर्जुन. पांडवांपैकी अर्जुन तो वेगळा. हा हैहय कुळातला, नर्मदाकाठच्या माहिष्मतीचा राजा. दत्तात्रेयांच्या वराने त्याला हजार हात मिळाले, म्हणून सहस्रार्जुन. रावणालासुद्धा त्याने पकडून कैदेत ठेवलं होतं, असं रामायणाचं उत्तरकांड सांगतं. असा हा बलाढ्य राजा एकदा जमदग्नी ऋषींच्या आश्रमात आला. पुराणांतली कथा अशी, की तो शिकारीहून दमून आला होता. ऋषींच्या कामधेनूच्या कृपेने त्याला आणि त्याच्या साऱ्या सैन्याला पोटभर जेवण मिळालं. हात धुतल्यावर राजाने काय करावं? ती गायच मागितली, आणि देत नाहीत म्हटल्यावर ओढून नेली!

वनपर्वातली कथा थोडी निराळी आहे. तिथे राजाचा पाहुणचार करते ती रेणुका, ऋषींची पत्नी. पण सत्तेच्या मस्तीत त्या आदरातिथ्याची त्याला किंमत नाही. तो होमधेनूचं वासरू हंबरत असताना हिसकावून नेतो आणि जाता जाता आश्रमातली झाडं मोडून टाकतो. मला तर ही झाडं मोडण्याची गोष्ट फार बोलकी वाटते. वासरू त्याला हवं होतं, ठीक. झाडांनी काय केलं होतं? पण जुलमी माणसाची ओळख तिथेच पटते. त्याला वस्तू हवी असतेच, शिवाय ‘माझं कोण काय वाकडं करणार?’ हेही दाखवायचं असतं.

शाळेत ही गोष्ट सांगितली, की एखादं पोर हमखास विचारतं, “बाई, एवढा मोठा राजा, त्याला एक गाय कशाला हवी होती?” प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर आपण बायकांना ठाऊक असतं. रांधून, वाढून, आग्रह करून खाऊ घातलेलं अन्न काही जणांना उपकार वाटतं, आणि काही जणांना तो आपला हक्कच वाटतो. हक्क वाटला, की पुढची पायरी हिसकावण्याची.

पुढचं सर्वांना माहीत आहे. परशुरामाने सहस्रार्जुनाचे हात तोडले, त्याला मारलं. राजाच्या मुलांनी सूड म्हणून परशुराम घरी नसताना जमदग्नींना मारलं. मग परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. या साऱ्यात रेणुकेचं काय? राजाने तिच्या पाहुणचाराचा अपमान केला. त्याच्या आधी तर, क्षणभर मन चळलं म्हणून, नवऱ्याच्या आज्ञेवरून याच मुलाने तिचा शिरच्छेद केला होता आणि मग वर मागून तिला जिवंत केलं होतं. म्हणजे जुलूम करायला हजारच हात लागतात असं नाही, दोन हातही पुरतात. आज मात्र माहूरला नवस बोलायला लोक जातात ते रेणुकेकडेच. साडेतीन शक्तिपीठांत तिचं स्थान आहे.

आणि गंमत म्हणजे सहस्रार्जुनही निव्वळ खलनायक राहिलेला नाही. शांतिपर्वात तो दानशूर आणि शांत स्वभावाचा सांगितला आहे. वासरू त्याच्या मुलांनी नेलं, त्याला पत्ताही नव्हता, असं तिथे म्हटलं आहे. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज आजही त्याला आपला मूळपुरुष मानून कार्तिक शुद्ध सप्तमीला त्याची जयंती करतो. घरात किल्ली नाहीतर कानातलं हरवलं, की जुन्या बायका कार्तवीर्याचा श्लोक म्हणायच्या. ज्याने दुसऱ्याचं नेलं, त्यालाच आपण आपलं हरवलेलं शोधून द्यायला सांगतो!

आता सोपाऱ्याकडे येऊ. एवढा संहार करून परशुरामाने जिंकलेली पृथ्वी कश्यपांना दान केली. तेव्हा कश्यप म्हणाले, आता ही भूमी माझी, तू इथे राहू नकोस. सगळं जिंकलेल्या माणसाला उभं राहायला जागा नाही! मग समुद्राने त्याच्यासाठी मागे सरून भूमी दिली, तीच शूर्पारक, असं शांतिपर्वात आहे. सबंध कोकणाची कथा पुढे याच धाग्यावर वाढली. शूर्प म्हणजे आपलं धान्य पाखडायचं सूप; या गावाच्या नावात काही जण तेच सूप पाहतात. जुलमाला उत्तर म्हणून उचललेला परशू जिथे खाली ठेवावा लागला, ती ही माती.

नालासोपाऱ्याला पश्चिमेकडे उतरून रिक्षा करायची. ‘बुरुड राजाचा कोट’ नाहीतर ‘बौद्ध स्तूप’ म्हणून विचारायचं. सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा राजा इथे राहायचा, अशी समजूत होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ही टेकडी खणली, तेव्हा आत विटांचा स्तूप आणि त्याच्या पोटात दगडी करंडा सापडला. त्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची, आपल्या एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी! एवढ्या डब्यांच्या आत काय जपलं होतं? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे मानले जातात. हिसकावून घेणाऱ्याचे हजार हात गळून पडले आणि हात पसरून मागणाऱ्याची खापरी लोकांनी सोन्यात ठेवली. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्याच वर्षी सोपाऱ्यालाच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. या लेखाचा आशय असा, की पूर्वीचे राजे मौजेखातर फिरायला निघत, शिकार करत. अशोकाने मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधिवृक्षाच्या स्थानी जाऊन धर्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांना भेटावं, दान द्यावं, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करावी, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलावं, हा त्या यात्रेचा हेतू. शिकारीला निघून आश्रम लुटणाऱ्या राजाची कथा जिथे येऊन संपते, तिथेच शिकार सोडलेल्या राजाचे शब्द दगडावर मिळावेत, हा योग विलक्षणच. अशोकानेही कलिंगच्या युद्धात लाखांनी माणसं मारली होती. पण त्याला परशू घेऊन कुणी अडवावं लागलं नाही. त्याला स्वतःलाच पश्चात्ताप झाला.

१९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात सम्राटांनी आपल्यालाही एक चिमटा काढून ठेवला आहे बरं का! आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा प्रसंगी बायका नाना प्रकारची निरर्थक व्रतं-विधी करतात, असं ते म्हणतात. राग मानू नका, कारण पुढे खरं व्रत कोणतं तेही सांगितलं आहे. त्यात पहिलं आहे, नोकर-चाकरांशी नीट वागणं. धुणं-भांडी करणाऱ्या बाईने एक दिवस खाडा केला, की आपलेही हात दोनाचे किती होतात, ते ज्याचं त्याने पाहावं.

स्तूप पाहून झाला, की सोपाऱ्यातच चक्रेश्वराचं देऊळ आणि तळं पाहावं. तिथली ब्रह्मदेवाची मोठी दगडी मूर्ती मुलांना जरूर दाखवा. तिथून रिक्षाने निर्मळला जाता येतं. विमल नावाच्या असुराला परशुरामाने इथे मारलं, अशी तिथल्या विमल सरोवराची कथा. तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी आहे. कार्तिक वद्य एकादशीला इथे मोठी जत्रा सुरू होते. हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही तितक्याच उत्साहाने जत्रेला जातात आणि वसईची सुकेळी पुडीत बांधून घरी आणतात.

बरोबर पाणी आणि दुपारचा डबा ठेवावा. स्तूपाच्या विटांवर मुलांना चढू देऊ नये. आणि डबा उघडाल, तेव्हा त्यांना रेणुकेच्या हातच्या त्या पाहुणचाराची गोष्ट जरूर सांगा. हजार हातांपेक्षा मुलांच्या लक्षात राहायला हवं ते एवढंच, की ज्या घरी जेवलो, त्या घरची झाडं मोडायची नाहीत.