कोल्ड्रिंकच्या बाटलीतला काढा

परवा चवळीवर मावा दिसला म्हणून तंबाखूचा काढा केला. फवारून उरलेला कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि गोठ्यात ठेवला. संध्याकाळी धारेला गेलो, तर चार वर्षांचा पुतण्या बाटलीचं झाकण फिरवत बसलेला. रंगही तसाच काळपट! झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. रात्रभर झोप नाही.

आपण म्हणतो, घरचं औषध आहे, काय होतंय? अहो, निकोटीन विषच आहे, म्हणून तर मावा मरतो. लहान पोराला थोडंसंही बाधतं. कातडीतूनही अंगात भिनतं. आधी उलट्या, लाळ, घाम. पोर पांढरं पडतं. मग सुस्ती, झटके, श्वास मंदावतो.

पोटात गेलं तर मुद्दाम उलटी काढू नका. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने धुवा. लक्षणांची वाट न बघता १०८ ला फोन करा नाहीतर थेट दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या.

आता काढा लागेल तेवढाच करतो. आबांची तंबाखूची पुडीसुद्धा उशाखालून कुलपात गेली. आबा कुरकुरले, पण पुतण्याकडे बघून गप्प बसले.