उष्टे

लाळ ओठांच्या आत आहे तोवर आपली. बाहेर आली की उष्टी. उष्ट्याला हात लागला तर तो धुवायचा, हे आमच्या घरी पोराला चालता येण्याआधी कळत असे. त्यामुळे याच उष्ट्यासाठी शहाण्या माणसांनी केवढ्या खटपटी केल्या, हे वाचताना मला मोठी मौज वाटते.

डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा मूळचा कापडव्यापारी. रोज मिठाने दात घासणारा टापटिपीचा गृहस्थ. तरी फटींत पांढरा मळ राहिलाच. १६८३ साली त्याने तो काढून पावसाच्या पाण्यात कालवला, भिंगातून पाहिला आणि आतल्या वळवळणाऱ्या जीवांची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. १९१६ साली कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने गालाच्या आत बसणाऱ्या चकतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिला दोन कप्पे. बाहेरच्यातली हवा ओढली की चकती गालाला चिकटे. आतल्यात वरच्या दाढेसमोर उघडणाऱ्या ग्रंथीची लाळ जमून नळीवाटे बाहेर येई. तोंडातल्या इतर लाळेचा तिला स्पर्श नाही! म्हणजे सोवळेओवळे प्रयोगशाळेतही आहेच.

ही मौज गेल्या श्रावणात ओसरली. अक्काच्या गालात पांढरा चट्टा निघाला. अक्का चाळीस वर्षे मिश्री लावते. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो ठसकेदार वास म्हणजेच मला तिची दुपार वाटते. दातांच्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण. त्यांनी ताठ केसांचा एक इवलासा ब्रश काढला.

“अगं पोरी, माझ्या उष्ट्यात कशाला हात घालतेस?” अक्का म्हणाली.

कापसाच्या बोळ्याने वरवरच्या, गळायला आलेल्या पेशीच हाती लागतात. बिघाडाची सुरुवात होते तळच्या थरात. म्हणून ब्रश दाबून, गोल गोल फिरवायचा, रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. अक्काने हूं की चूं केले नाही. ब्रशावरचे सारे बाईंनी काचपट्टीवर पसरले, इतक्या जपून की देवापुढे रांगोळी घालावी.

अहवालात काही पेशी संशयास्पद निघाल्या. ब्रशाने संशय घ्यावा, निवाडा त्याच्या हाती नाही. त्यासाठी चट्ट्याचा तुकडाच कापून तपासावा लागतो. तो सोमवारी काढायचा आहे. मिश्रीचा डबा फळीवर आहे तिथेच आहे. अक्का त्याला हात लावत नाही, आणि मलाही लावू देत नाही.

आज सकाळी वाती वळता वळता तिने विचारले, “ती काच त्यांनी धुऊन टाकली असेल का रे?”