आयर्नचा तळ

गोल्फच्या आयर्नचा चेंडूशी संबंध येतो तो चेहऱ्याने, आणि जमिनीशी येतो तो तळाने. दुकानात मात्र चेहरा निरखला जातो, टॉपलाइन, म्हणजे वरची कड, किती बारीक ते पाहिले जाते. क्लब उलटा करून तळ पाहणारा गिऱ्हाईक विरळाच.

आकाराचे थोडक्यात असे. ब्लेड मागून भरीव असते. कॅव्हिटी बॅकची पाठ कोरून ते वजन कडेला नेलेले असते. फटका टोकाकडे बसला तर ब्लेड हातात पिळवटते. कॅव्हिटी बॅक तितके फिरत नाही. मूळचे नॉर्वेचे इंजिनिअर कार्स्टन सोल्हाइम यांनी पिंग कंपनीच्या आयर्नमधून हा विचार रुळवला. १९८२चे ‘आय २’ विशेष गाजले. तळ रुंद केला की वजन खाली उतरते आणि चेंडू सहज चढतो. म्हणजे पाठीइतकेच तळावरही अवलंबून असते; म्हणून ब्लेड पट्टीच्या खेळाडूचे आणि कॅव्हिटी बॅक शिकाऊचे, ही क्लबहाउसमधली जातवारी अर्धीच खरी आहे.

खरा घोळ बाउन्सचा. दांडा सरळ उभा धरून क्लब टेकवला की तळाचा मागचा भाग जमिनीला लागतो आणि पुढची धार, म्हणजे लीडिंग एज, किंचित वर राहते. त्या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. नावामुळे चेंडू उसळवणारी काहीतरी करामत असा समज होतो. प्रत्यक्षात क्लबने जमिनीत न रुतता घसरत पुढे जावे, एवढेच बाउन्सचे काम. अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेनने निब्लिक या जुन्या, तिरक्या चेहऱ्याच्या आयर्नच्या तळामागे धातूचा थर चढवून नेमके हेच साधले. अंतर्वक्र चेहऱ्याचे सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायचे क्लब, १९३१मध्ये नियमबाह्य ठरले होते, पण साराझेनने चेहरा सपाटच ठेवून तळ बदलला. १९३२मध्ये इंग्लंडमधील सँडविच येथील प्रिन्सेस मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, ती हा क्लब बॅगेत ठेवूनच.

आता वेजवर ‘५६-१०’ असे कोरलेले असते. ५६ अंश लॉफ्ट (चेहऱ्याचा कल), १० अंश बाउन्स. हा दुसरा आकडा बिचारा नको इतका मनावर घेतला जातो. फटक्याच्या क्षणी दांडा चेंडूच्या पुढे ६ अंश झुकला, तर दहातले चारच उरतात. चेहरा उघडला, म्हणजे आभाळाकडे वळवला, की उलट बाउन्स वाढतो. शिवाय ८ अंशांचा रुंद तळ १२ अंशांच्या अरुंद तळाइतकाच जमिनीवर तरंगू शकतो, आणि तळाची गोलाई या आकड्यात कुठेच दिसत नाही. तरीही चेंडूमागची माती खणणाऱ्याला जास्त आकड्याचा वेज सुचवला जातो. पी हळद अन् हो गोरी! पावसाने भिजलेल्या मऊ फेअरवेवर तो वेज उपयोगी पडेलही. पण मे महिन्यातल्या कडक, उघड्या जमिनीवर तोच तळ आपटून उडतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते.

यावरचा उतारा म्हणजे ग्राइंड. दांड्याकडची टाच, टोक आणि मागची कड घासून उतरवली की चेहरा उघडूनही धार जमिनीजवळ राहते; सरळ फटक्याला मधला बाउन्स मात्र शाबूत असतो. लीडिंग एज जराशी गोल केली तर मऊ मातीत ती चाकूसारखी शिरत नाही. कुठे घासायचे हे जुना क्लबच सांगतो. तळावर चकाकी उडून जो पट्टा पांढरा पडलेला असतो तो टाचेकडे सरकलेला असेल, तर क्लब तिथेच जमीन घासत येतो. अशा वेळी आधी लाय अँगल, म्हणजे दांडा आणि तळ यांच्यातला कोन, तपासावा; पट्टा पाहताच घासायला घेणे ही घाई.

घासण्यात परतीची वाट नसते. मार्करने रेघ आखायची, बेल्टवर दोन-तीन हलके फेर द्यायचे, क्लबचे डोके पाण्यात बुडवायचे, पुसायचे, उजेडात धरायचे, वजन करायचे. साधारण दोन ग्रॅम गेले की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हाताला जाणवणारा डोक्याचा भार, एका पायरीने खाली येते. म्हणून जाणता कारागीर ग्राइंडसाठी डोके आधीच थोडे जड घेतो, किंवा नंतर शिशाची पट्टी चिकटवतो. पट्टी दिसली की गिऱ्हाइकाला काम कच्चे वाटते, त्याला इलाज नाही. तळावरचा क्रोमचा थरही घासण्यात जातो आणि आतले कार्बन पोलाद उघडे पडते. मुंबईच्या पावसाळ्यात ते एका रात्रीत तांबूस होते. खेळण्यात त्याने काही बिघडत नाही. हा गंज नकोच असेल तर कोरडे पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावे.