नाव कुणाचे, नांगर कुणाचा

शेतकरी कोणाला म्हणावे, असा प्रश्न शहरात कोणी विचारीत नाही. डोक्याला मुंडासे, खांद्यावर नांगर, शेजारी बैलजोडी. हे चित्र पहिलीच्या पुस्तकापासून आपल्या मनात पक्के बसलेले असते. सरकारला मात्र चित्र पाहून पैसे वाटता येत नाहीत. त्याला कागद लागतो. आणि कागदावर मुंडासे नसते, नाव असते.

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्र सरकारची किसान सन्मान योजना सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात. २०२३ साली महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून आणखी ६,००० रुपयांची जोड दिली. मध्ये दलाल नाही, चहापाणी मागणारा कोणी नाही. बियाण्याच्या दुकानात ज्याची उधारी थकली आहे, त्याला दोन हजारांचे मोल किती, हे पेन्शनच्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां मंडळींना कोणी सांगायला नको.

खटाव तालुक्यात आमची वडिलार्जित तीन एकर जिराईत आहे. सातबारावर माझे आणि धाकट्या भावाचे नाव. मी पुण्याला, तो ठाण्याला. जमीन करतात ते तात्या. निम्म्या वाट्याने, आज बावीस वर्षे. त्यांची स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. पेरायचे त्यांनी, राखायचे त्यांनी. आणि दोन पोती आमच्या दारात उतरली, की आमची मुले पाहुण्यांना अभिमानाने सांगणार, ‘आमच्या शेतातली ज्वारी!’

आता गंमत पाहा. मी प्राप्तिकर भरतो, शिवाय महिना १०,००० रुपयांहून अधिक पेन्शन घेतो. म्हणून मी या योजनेत बसत नाही. ते योग्यच आहे. भाऊही करदाता, तोही बसत नाही. आणि तात्या? सातबारावर त्यांचे नाव नाही, म्हणून तेही नाहीत. तीन एकरांत ज्वारी डोलते आहे आणि सरकारच्या लेखी तेथे मदतीला पात्र असा शेतकरीच नाही!

याचे मूळ जुने आहे. १९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा झाला आणि पुढे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. कित्येकांच्या चुली त्या कायद्याने पेटल्या. पण मालकांच्या मनात जी धास्ती बसली, ती आजतागायत उठलेली नाही. वाटेकऱ्याशी व्यवहार करायचा तो तोंडी. कागदावर त्याची सावलीही पडू द्यायची नाही. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून कायदा झाला, आणि त्याच्याच भीतीने कसणाऱ्याचे नाव कागदावरून नाहीसे झाले.

गेल्या हुरड्याला गावी गेलो, तेव्हा मी तात्यांना म्हटले, “आपण रीतसर करार करू. पीकविम्याला तरी उपयोगी पडेल.” पीकविम्याच्या योजनेत वाटेकऱ्याला जागा आहे, पण हाती कराराचा कागद हवा.

भावाने फोनवर लगेच विचारले, “दादा, उद्या कूळ लागले म्हणजे?”

ते मला अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते तात्यांचे उत्तर. हातातले कणीस आगटीत परतत ते म्हणाले, “नगं, अण्णा. कागदाचं नाव काढलं की धाकल्या मालकांच्या मनात किंतु यायचा. आज हातात रान तरी हाय.”

हक्काचा कागद घेतला तर हातचे काम जाईल, असे ज्याला वाटते, त्याच्या खात्यापर्यंत दिल्लीचे दोन हजार पोचणार कसे? लाभार्थ्यांची यादी सरकारी कचेरीत होते हे खरे. पण त्या यादीत कोण येणार नाही, हे पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यांत ठरते.

भाऊबीजेला सगळी भावंडे आमच्याकडे जमणार आहेत. कराराचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. तात्यांची सही नंतर. आधी भावाची मिळवायची आहे.