मसाना

आम्ही दोघे नवरा-बायको जळगावला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघेही बी.एड. विज्ञानाच्या तासाला फळ्यावर दोन गुर्दे काढायचे, त्यांतून निघणाऱ्या नळ्या काढायच्या आणि खाली मसाना, म्हणजे मूत्राशय. हा धडा आम्ही कितीदा शिकवला! पण 2023 च्या जानेवारीत धुळ्याला अब्बांचा मसानाच काढावा लागला, तेव्हा नातेवाइकांना मात्र आम्ही सांगितले, "पथरीचं ऑपरेशन आहे."

अब्बांची हयात पॉवरलूमवर गेली. सोबतीला बिडी. उन्हाळ्यात लघवी लाल झाली, पण दुखत काहीच नव्हते. उष्णता झाली असेल म्हणून आम्ही सब्जा आणि धण्याचे पाणी पाजले. सहा महिने असेच गेले. न दुखता लघवीतून रक्त जाणे ही या कॅन्सरची पहिली खूण असू शकते आणि तंबाखूचा धूर हे त्याचे मोठे कारण, हे विज्ञान शिकवणाऱ्या आम्हांला डॉक्टरांकडून कळले.

ऑपरेशन सात तास चालले. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही नळ्या त्याला जोडल्या. बेंबीच्या उजवीकडे त्याचे तोंड बाहेर काढले आणि त्यावर पिशवी लावली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे खर्च भागला. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते.

खरी परीक्षा पुढेच होती. आतडी जागीच होईनात. पोट फुगले, नाकातून नळी घातली. आठव्या दिवशी अब्बांना वारा सरला आणि आम्ही सगळे एकदम "अल्हम्दुलिल्लाह" म्हणालो. अब्बा कितीतरी दिवसांनी हसले.

घरी आल्यावर पिशवी बदलायची कशी, हे आम्हांला कोणी नीट शिकवले नव्हते. पिशवीत पांढरे धागे दिसले की आम्ही घाबरायचो. आतड्याचा तुकडा आपला चिकट स्राव सोडतच राहतो, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे पुढे समजले. एप्रिल-मेच्या घामाने चिकटपट्टी सुटायची आणि रात्री गादी भिजायची. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही एस.टी. पकडायचो. एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचो आणि अम्मींच्या मदतीला लागायचो.

पण जखमेपेक्षा अब्बांना दुसरेच काही सलत होते. अजान झाली की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "बेटा, पेशाब तो बदन पे बंधा है. अब कैसी नमाज?" पन्नास वर्षांत ज्यांची फजर चुकली नाही, ते असे बोलत होते. आमच्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी मोहल्ल्यातल्या मौलानांना घरी बोलावले आणि पहिल्यांदाच सगळे खरे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही माजूर आहात. प्रत्येक नमाजची वेळ झाली की नवा वुजू करा. ती वेळ संपेपर्यंत पिशवीत लघवी उतरत राहिली तरी वुजू कायम. दीनमध्ये तंगी नाही." एवढे साधे उत्तर होते! लाजेपोटी आम्ही चार महिने ते विचारलेच नव्हते.

त्या जुम्म्याला अब्बा मशिदीत गेले. पिशवी रिकामी करून, वुजू करून, शेवटच्या सफमध्ये खुर्चीवर बसले. परतल्यावर स्वतःच कोरमा मागितला. त्या दिवसापासून तब्येत खऱ्या अर्थाने सुधारू लागली, असे अम्मी म्हणतात.

आता अब्बांनी आमची "पथरी"ही मोडीत काढली. कोणी विचारले की सरळ सांगतात. परवा लूमवरचा जुना सोबती हळूच म्हणाला, "चाचा, मलाही लाल होते." अब्बा दुसऱ्याच दिवशी त्याला सोनोग्राफीला घेऊन गेले.

आम्हीही आता फळ्यावर मसाना काढतो, तेव्हा बाजूला बिडी काढतो. मुले हसतात. आम्ही हसू देतो आणि मग अब्बांची गोष्ट सांगतो.