आयत्या वेळचं सोंग

ऑक्टोबरच्या ३० तारखेला, रात्री आठ वाजता, मी जर्सी सिटीतल्या माझ्या खोलीत जमिनीवर बसून आईला व्हिडिओ कॉलवर बघत होते. तिकडे चिपळूणला ३१ ची पहाट, साडेपाच. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला आले होते. बाबांचं अभ्यंगस्नान उरकलं होतं. तुळशीसमोर त्यांनी कारीट फोडलं आणि नियमाप्रमाणे त्याची कडू बी जिभेला लावून तोंड वाकडं केलं. आई म्हणाली, "तू उद्या उटणं लावून आंघोळ कर हो. मी दिलेलं असेल अजून."

"उद्या" म्हटल्यावर मला आठवलं. उद्या ऑफिसात वेषांतर होतं.

चॅनलवर दोन आठवड्यांपूर्वीच मेसेज येऊन पडला होता: गुरुवारी सगळ्यांनी कॉश्च्युम घालून या, तीन वाजता स्पर्धा. मी त्यावर भोपळ्याची इमोजी टाकली होती आणि विसरले होते. त्या आठवड्यात माझी ऑन-कॉल ड्युटी होती, रात्री दोनला फोन वाजायचा. सोंग कसलं आणणार?

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे हॅलोविन हा पोरखेळ नाही. किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा २०२३ चा अंदाज होता की लोक यावर बारा अब्ज डॉलरहून जास्त खर्च करतील. बंद पडलेल्या दुकानांचे गाळे दोन महिन्यांपुरते घेऊन तिथे फक्त कॉश्च्युम विकतात. पण मूळ गोष्ट इतकी साधी होती की आपल्याला लगेच कळेल. स्कॉटलंड-आयर्लंडमधली पोरं मोठ्यांचे जुने कपडे चढवायची, तोंडाला काजळी फासायची, सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची आणि दारोदार जाऊन काहीबाही गाऊन खाऊ नाहीतर पैसे मागायची. कोकणातल्या माणसाला हे काय सांगायचं? आमच्याकडे शिमग्यात खेळे येतात. काळ्या कपड्यातला, टोकदार टोपीचा संकासुर पोरांना पिटाळतो आणि गोमू नाचते. ती गोमू म्हणजे गावातलाच कुणीतरी बाप्या, बायकोची नाहीतर वहिनीची साडी नेसलेला. सगळ्यांना साडी ओळखू येते. त्यातच मजा असते.

म्हणजे घरातल्या कपड्यांतून सोंग काढायला मला जमायला हवं होतं. मी कपाट उघडलं.

पांढरी चादर घेऊन भूत होणं सगळ्यात सोपं. पण माझ्याकडे एकच पांढरी चादर, तीही चारी कोपऱ्यांना इलॅस्टिकवाली. ती डोक्यावर घेतली की माणूस भूत कमी आणि झाकलेलं श्रीखंडाचं पातेलं जास्त दिसतो. शिवाय ती पांढरी चादर आली कुठून, तर पूर्वी इकडे मेलेल्या माणसाला कापडात गुंडाळून पुरायचे, म्हणून भूत त्याच कापडात परत येतं. दिवाळीच्या दिवशी मी अंगावर कफन घेतलं असतं आणि आईला कळलं असतं तर उटण्याचं पार्सल बंद झालं असतं.

डेनिमचा शर्ट, बाह्या दुमडून डोक्याला लाल रुमाल बांधला की रोझी द रिव्हेटर, १९४३ च्या युद्धकाळातल्या पोस्टरवरच्या बाईसारखी. शर्ट होता, लाल रुमाल नव्हता. काळा टीशर्ट, काळी पँट आणि गालावर काजळाच्या मिशा म्हणजे मांजर. पण ते आमच्या रिक्रूटिंगमधल्या तिघी दरवर्षी करतात. पांढऱ्या शर्टावर काळ्या कागदाचे तीन गोळे चिकटवले की 'द ऑफिस'मधला 'थ्री होल पंच' जिम. आळशी माणसाच्या कॉश्च्युममध्ये याला तोड नाही, माझ्या मते तो या कलाप्रकाराचा कळसच आहे. पण गेल्या वर्षी माझ्याच टीममधल्या एकाने तो केला होता. टीशर्टवर '४०४, कॉश्च्युम सापडला नाही' असं मार्करने लिहिण्याबद्दल मी बोलणारच नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत तो एक माणूस असतो आणि त्याला दरवर्षी वाटतं की हे त्यालाच सुचलं.

कपाटात साडी होती. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरातच दिवाळीच्या पॉटलकला मी ती नेसून गेले होते, तेव्हा लिफ्टमध्ये एका भल्या बाईने कौतुकाने विचारलं होतं, "हा तुझा हॅलोविनचा कॉश्च्युम का?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तेव्हाच मी ठरवलं की माझ्या घरात रोज वापरतात ते कपडे मी सोंग म्हणून घालणार नाही.

मग सगळ्यात वरच्या फळीवर हात घातला आणि पोळपाट खाली आला. बाबांच्या खाकी शर्टात गुंडाळलेला.

मी २०१९ मध्ये एमएससाठी निघाले तेव्हा आईने बॅग भरली होती. कुकर तिच्या जुन्या गाऊनमध्ये, पोळपाट बाबांच्या युनिफॉर्ममध्ये. फुटायला तो काही काचेचा नव्हता, पण आईचं पॅकिंग असंच असतं. बाबा तोवर निवृत्त झाले होते. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. पाच वर्षं तो शर्ट माझ्या पोळपाटाला मिठी मारून वर पडला होता आणि मी तयार पोळ्या आणून खात होते.

शर्ट झटकला. खांद्यावर पट्ट्या, दोन खिसे. डाव्या खिशाच्या वर दोन बारीक भोकं, बिल्ल्याच्या पिनेची. कॉलर उलटवून शिवलेली. अंगात घातला. मोठा होता, पण ही फॅशनच आहे हल्ली.

हा शर्ट मी यापूर्वी एकदा घातला होता. हाच नव्हे, याचा थोरला भाऊ म्हणा.

तिसरीत असताना, शाळेच्या गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धा होती आणि मी तेही आदल्या रात्रीच सांगितलं होतं. बाकीच्यांनी भाड्याचे कपडे आणले होते. दोन झाशीच्या राण्या, तीन शिवाजी, एक टिळक. आईने दारामागच्या खिळ्यावरचा बाबांचा शर्ट काढून माझ्या अंगात घातला. तो गुडघ्यांच्या खाली आला, म्हणून खाली वेगळं काही लागलंच नाही. बाह्या चार वेळा दुमडल्या. बाबांनी स्वतः त्यांची पैशांची चामडी पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातात दिला. घरात रात्री दहा वाजता तालीम झाली. "हां, तिकीट बोला, तिकीट! पुढे सरका, आत जागा आहे!" मग दोनदा टिंग टिंग. बाबा इतके हसले की शेजारचे बघायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांची वस्तीची गाडी होती, ती त्यांनी कुणाशी तरी बदलून घेतली आणि शाळेत मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

स्टेजवर बाईंनी माइक पुढे केला. "कोण झालीस तू, बाळ?"

त्या वर्षी वर्गात मी उठून उभी राहिले की मागच्या बाकावरची मुलं बाकावर दोनदा टकटक करायची. डबल बेल. बाईंना वाटायचं, बाक डुगडुगतो.

मी म्हणाले, "पोलीस."

गळ्यात पैशांची पिशवी, हातात चिमटा आणि मी पोलीस. सगळा हॉल हसला. बाबाही हसले असावेत. निदान सायकलवरून घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "पोलिसाला चिमटा कशाला गो लागतो?" नंतर कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'सरकारी नोकरी' लिहिलं. महामंडळ म्हणजे सरकार नव्हे हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

तर ३१ तारखेला सकाळी मी खाकी शर्ट, काळी पँट, खांद्यावरून आडवी काळी बॅग अशी पाथ ट्रेनमध्ये उभी होते. साडीबद्दलचा माझा नियम बाबांच्या युनिफॉर्मला लागू होतो का, हा प्रश्न एक्स्चेंज प्लेसच्या आसपास मनात आला आणि मी तो वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरेपर्यंत पुढे ढकलला. ऑक्टोबर संपत होता तरी उकडत होतं. डब्यात एक मधमाशी आणि दोन केळी होती.

ऑफिसात स्टेशनरीच्या कपाटातून एक भोकाचा पंच घेतला आणि जागेवर जाऊन बसले, तोच मॅनेजर ओरडला, "घोस्टबस्टर! मस्त!"

खाकी कपडे, खांद्यावर पट्टा, हातात यंत्र. १९८४ च्या सिनेमातले ते भुतं पकडणारे. त्याचं काही चुकलं नव्हतं. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "हो, थँक्स."

सांगणं कठीण होतं असं नाही. इथे कुणी बाकावर टकटक करणार नव्हतं. उलट, कंडक्टरची मुलगी आणि मॅनहॅटनमध्ये इंजिनिअर, ही गोष्ट इथल्या लोकांना फार आवडते. इंटरव्ह्यूत सांगितली तर गुण मिळतील अशी आहे. त्यामुळेही तोंड बंद झालं असेल. पण खरं सांगायचं तर एवढा विचार मी केलाच नाही. तिसरीतलंच तोंड होतं, त्याने तिसरीतलं काम केलं.

दुपारी शेजारच्या डेस्कवरच्या मुलाने धरलं. तो पांढरी चादर घेऊन आला होता, साधी, बिनइलॅस्टिकची, डोळ्यांना भोकं पाडलेली. "त्या सिनेमातलं फायर स्टेशन इथून पंधरा मिनिटांवर आहे, मी भूत आहे, तू घोस्टबस्टर आहेस, फोटो काढलाच पाहिजे." नॉर्थ मूर स्ट्रीटवरची ती जुनी इमारत म्हणजे सिनेमात त्यांचं ऑफिस, प्रत्यक्षात तिथे आजही आगीचा बंब उभा असतो. बाहेर गर्दी होती. आमच्यासारखेच पाच-सहा घोस्टबस्टर, विकत घेतलेल्या कॉश्च्युमातले, छातीवर छापील पट्टी, पाठीवर फुगवलेली टाकी. फायरमनचं प्लास्टिकचं हेल्मेट घातलेलं एक पोरगं, आणि दारात खुर्चीवर बसलेला खराखुरा फायरमन, निळ्या टीशर्टमध्ये, पन्नाशीचा. त्या पोराने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला सिनेमातली पाटी हवी होती.

आमचा फोटो झाला. भुताने माझ्या अंगावर यायचं, मी पंच रोखायचा. मग तो फायरमन मला म्हणाला, "तुझा शर्ट विकतचा नाही."

मी विचारलं, कशावरून.

त्याने स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला बोट ठेवलं. माझ्या शर्टावर ती दोन भोकं होती तिथे. "कुणाचा आहे?"

"माझ्या वडिलांचा. बसवर होते. भारतात."

"किती वर्षं?"

"एकतीस."

त्याने मान डोलावली. "पेन्शन मिळते ना नीट?" मी म्हटलं, फार नाही. तो म्हणाला, हं. मग आत कुणीतरी हाक मारली आणि तो उठून गेला. चादरीतून भूत म्हणालं, "तू बोलली नाहीस कधी." मी म्हटलं, चल, मला अडीचची मीटिंग आहे.

स्पर्धेत फुगवलेला डायनासोर पहिला आला, तो दरवर्षी येतो. संध्याकाळी सिक्स्थ अव्हेन्यूवर व्हिलेजची मोठी परेड होती, तिकडे सगळे गेले. मी घरी आले, उटणं शोधलं, सापडलं, थोडं घट्ट झालं होतं. उशिरा का होईना, अभ्यंगस्नान केलं आणि नऊ वाजता फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेसहा, लक्ष्मीपूजनाचा दिवस. यंदा लक्ष्मीपूजन नक्की कधी, यावरून व्हॉट्सॅपवर दोन दिवस भांडणं चालली होती. आमच्याकडे आईने कॅलेंडर बघून निकाल दिला होता.

फोटो मी दुपारीच पाठवला होता. आईला भूत आवडलं नव्हतं. बाबांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिले.

"काय झाली होतीस?"

"कंडक्टर."

"मग बिल्ला कुठाय? चेकिंगवाल्यांनी धरलंनीत असतं." थोडं थांबून म्हणाले, "विचारलं की काय सांगितलंस?"

मी पोळपाटाकडे बघितलं. तो कट्ट्यावर उघडाच पडला होता.

"आधी सांगितलं, भुतं पकडणारी."

बाबा गप्प झाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "हां," ते म्हणाले, "त्याला चिमटा लागत असेल." आणि खोकला येईपर्यंत हसले.

"नंतर एकाला खरं सांगितलं," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी पुन्हा फोटो जवळ ओढला. "त्या शर्टाचं तिसरं बटण बघ. काळं लावलंय कुणीतरी. खाकीला खाकीच लागतं, बदलून घे."

मागून आईचा आवाज आला, "कुणीतरी काय? मीच लावलंय ते. सकाळी पाचच्या गाडीला निघाला होतात, तेव्हा नाही दिसलं काळं."